पॉइंट बघायचे की गाव बघायचं?

कोल्हापुरात बाहेरगावचा पाहुणा उतरला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. इथून पन्हाळा किती लांब? आणि तिथं बघण्यासारखं काय आहे? उत्तरंही तोंडपाठ असतात. पन्हाळा वीस-बावीस किलोमीटर. वाटेत फाटा घेतला की जोतिबा. दुसऱ्या दिवशी नरसोबाची वाडी आणि तिथून पुढे खिद्रापूर, साठेक किलोमीटर. संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा. रिक्षावाल्यापासून लॉजच्या काउंटरवर बसलेल्या पोरापर्यंत कुणालाही विचारा, यादी तीच मिळेल.

या दोन प्रश्नांत वावगं काही नाही. सुट्टी दोन दिवसांची असते, पोरं सोबत असतात, गाडीचं भाडं किलोमीटरवर ठरतं. पण या दोन प्रश्नांनंतर तिसरा प्रश्न सहसा येत नाही. तिथं राहतं कोण? पन्हाळ्यावर गिरिस्थान नगरपरिषद आहे, शाळा आहेत, दुकानं आहेत, मंदिरं आहेत, दर्गा आहे. तीन हजारांच्या आसपास माणसं पिढ्यानपिढ्या त्या तटाच्या आत राहतात. तरी पर्यटकांच्या यादीत तीन दरवाजा येतो, सज्जा कोठी येते, अंधारबाव येते, अंबरखाना येतो आणि माणूस तेवढा गळतो.

हा प्रश्न आज काढायला कारण आहे. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले 11 महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्या बरोबरीने आपला पन्हाळाही त्यात आहे. अभिमानाची गोष्ट आहेच. पण या बाराजणांत पन्हाळ्याची गोष्ट जरा निराळी. इथे वर नांदतं गाव आहे. नामांकनाची चर्चा सुरू झाली तेव्हापासून गडावरच्या घराघरांत एकच धास्ती होती. उद्या घराची भिंत पडली तर बांधू देतील का? दुकान राहील का? आम्ही राहू का? या धास्तीला ‘विकासाला विरोध’ म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी जरा लांबचा वळसा घ्यावा लागेल. थेट वायव्य चीनपर्यंत.

आधी अंतराचंच बघू. किलोमीटर हे अंतर मोजायचं सोयीचं माप आहे, पण ते रस्त्याचं माप आहे, प्रवासाचं नव्हे. 2021 च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला. नकाशावर कोल्हापूर-पन्हाळा अंतर एका मीटरनेही वाढलं नव्हतं. पण ज्याला रोज खाली कामाला यायचं होतं, जिला बाळंतपणासाठी दवाखाना गाठायचा होता, त्यांच्यासाठी तेच वीस किलोमीटर किती लांब गेले हे त्यांनाच विचारावं. महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जातो तेव्हा अख्खं कोल्हापूर बेट होतं. पर्यटकाची फक्त सहल रद्द होते. तिथं राहणाऱ्याचं जगणं अडतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं. इस्लामी फिकहमध्ये प्रवासी कुणाला म्हणायचं याची बारकाईने चर्चा आहे, कारण प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. हनफी परंपरेत प्रवासाचं मूळ माप मैलांत नाही, दिवसांत आहे. माणसाच्या किंवा उंटाच्या चालीने तीन दिवसांची वाट. पुढे आपल्याकडच्या उलेमांनी त्याचा हिशेब 48 मैलांवर, म्हणजे साधारण 77-78 किलोमीटरवर आणून ठेवला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मुसाफिर कुठे पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त मुक्कामाची नियत करून थांबला, की तो मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो. शाफई पंथात हिशेब थोडा वेगळा आहे, पण तत्त्व तेच. किती लांब आलास एवढंच विचारून भागत नाही, किती दिवस राहणार आहेस हेही विचारावं लागतं. सवलत मुसाफिराला मिळते, मुकीमाला पूर्ण जबाबदारी घ्यावी लागते. पर्यटनाच्या सगळ्या वादाचं मूळ मला या दोन शब्दांत दिसतं. आपण जागा मुसाफिराच्या सोयीने आखतो आणि तिचं ओझं मुकीमावर टाकतो.

महाराष्ट्राचं सगळ्यात जुनं आणि सविस्तर प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांपैकी एक माणूस वायव्य चीनच्या वाटेनेच आला होता. सातव्या शतकातला बौद्ध भिक्षू ह्युएन त्सांग. आजच्या कान्सू प्रांतातून, वाळवंटाच्या कडेने, हामी आणि तुर्फानच्या मरूद्यानांतून तो मध्य आशियात उतरला. वाटेत पाण्यावाचून मरता मरता वाचला. पुढे भारतात वर्षानुवर्षं फिरताना तो चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेला आणि 645 मध्ये मायदेशी परतला. त्याच्या वृत्तांताची एक ठरलेली पद्धत आहे. देशाचा घेर किती ‘ली’, राजधानीचा घेर किती ‘ली’, हे आकडे तो आधी देतो. मात्र तिथे थांबत नाही. लगेच जमीन कशी, पीक काय, हवा कशी, लोकांचा स्वभाव कसा, हे लिहितो आणि मग विहार-मंदिरांकडे वळतो. आपल्या पूर्वजांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की हे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. डोंगरातल्या ज्या विहाराचं तो वर्णन करतो तो अजिंठा असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे अंतर आहे, स्थळदर्शनही आहे, पण दोन्हींच्या मध्ये माणूस आहे. आपल्या आजच्या सहलपत्रकांतून नेमका हा मधला भाग गेला आहे.

आता ह्युएन त्सांगच्याच वाटेवरची दोन ठिकाणं बघू. दोन्ही वायव्य चीनमधली, दोन्ही रेशीम मार्गावरची, आणि दोन्ही आज पर्यटकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर. पण दोघांची कथा उलट दिशांनी जाते.

पहिलं तुनहुआंग. कान्सू प्रांतात चिल्येन पर्वत आणि गोबी वाळवंट यांच्या मधून सुमारे हजार किलोमीटरची चिंचोळी पट्टी जाते, तिच्या पश्चिम टोकाचं हे गाव. गावापासून मोगाओ लेणी 25 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कोल्हापूर-पन्हाळ्याएवढंच अंतर. चौथ्या शतकात पहिली गुंफा खोदली गेली आणि पुढे हजारेक वर्षं काम चालू राहिलं. आज तिथं 735 गुंफा आहेत, त्यातल्या 492 मध्ये चित्रं आणि मूर्ती आहेत. ज्या परंपरेची सुरुवात अजिंठ्यासारख्या ठिकाणी झाली ती तिथे वाळवंटात जाऊन बहरली. 1900 मध्ये तिथल्या एका बंद गुंफेत हजारो हस्तलिखितं सापडली. 1907 मध्ये ऑरेल स्टाइन आला आणि त्यातली खोकीच्या खोकी लंडनला घेऊन गेला. इसवी सन 868 ची छापील ‘वज्रच्छेदिका’ आज त्यामुळेच ब्रिटिश लायब्ररीत आहे.

1987 मध्ये मोगाओ जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी वाढत गेली. माणसांच्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड चित्रं खाऊ लागला. मग तिथल्या संशोधन संस्थेने एक निर्णय घेतला. 2014 पासून पाहुण्याला आधी गुंफांपासून दूर बांधलेल्या केंद्रात नेतात, तिथं चित्रपट दाखवतात, इतिहास सांगतात, मग बसने लेण्यांकडे. नेहमीच्या तिकिटावर दिवसाला सहा हजार माणसं, आगाऊ नोंदणी करून. मार्गदर्शक आठेक गुंफा उघडून दाखवतो, आत फोटो काढायचा नाही. ‘इतक्या लांब आलो आणि आठच गुंफा?’ अशी तक्रार तिथंही होत असणार. पण नियम टिकला. तो टिकला याचं श्रेय ज्यांना जातं त्या फान चिनशी या पुरातत्त्वज्ञ बाई 1963 मध्ये तिथं नोकरीला आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्या वाळवंटातच राहिल्या. म्हणजे मुकीम झाल्या. जागा राखायचे नियम तिथं राहणाऱ्या माणसाला सुचतात, याचं हे उदाहरण.

दुसरं काशगर. शिंच्यांगच्या पश्चिम टोकाचं उइगुर मुसलमानांचं शहर. शिंच्यांग केवढा? साडेसोळा लाख चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील आणि वर जागा उरेल. राजधानी उरुमचीहून काशगर जवळपास दीड हजार किलोमीटर. घड्याळही दोन, सरकारी वेळ बीजिंगची आणि लोकांची वेळ दोन तास मागे. शतकानुशतकं काफिले इथं उतरले. मातीच्या विटांची दुमजली घरं, मध्ये अंगण, अंगणात तुतीचं किंवा डाळिंबाचं झाड, एकमेकांत गुंतलेल्या गल्ल्या, गल्लोगल्ली मशीद. मध्यभागी 1442 मध्ये उभी राहिलेली ईदगाह मशीद.

2009 पासून या जुन्या शहराचा मोठा भाग पाडून नव्याने बांधण्यात आला. सरकारने कारण भूकंपाचं दिलं, आणि तो प्रदेश भूकंपप्रवण आहे हे खरंच आहे. घरं मजबूत झाली, रस्ते रुंद झाले, नळ आले, हेही नाकारता येणार नाही. पण हजारो कुटुंबं तिथून हलली. जुनं शहर सर्वोच्च दर्जाचं पर्यटनस्थळ म्हणून घोषित झालं. आज तिथं सकाळी वेशीवर नाच-गाण्याने पर्यटकांचं स्वागत होतं. ईदगाह मशिदीत तिकीट काढून आत जाता येतं, पण जिथं शुक्रवारी माणूस मावत नसे तिथली सफ विरळ झाली, असं जाऊन आलेले पत्रकार लिहितात. याच काळात, 2017 नंतर, त्या प्रांतातल्या उइगुरांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबल्याच्या बातम्या जगभर आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2022 च्या अहवालात हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असं म्हटलं. चीन सरकार ते सगळं फेटाळतं आणि पर्यटकांचे वाढते आकडे पुढे करतं.

इथेच थांबून विचार करायला हवा. पर्यटकांचा आकडा हा सगळं आलबेल असल्याचा पुरावा कसा होऊ शकतो? काशगरला गेलेला पर्यटक खोटं बोलत नाही. त्याने रंगवलेले दरवाजे पाहिले, नान खाल्ली, फोटो काढले. त्याच्या यादीतली सगळी ठिकाणं जागच्या जागी होती. ज्या घराचा दरवाजा त्याने पाहिला त्यातलं कुटुंब कुठे गेलं, हा प्रश्न त्याच्या यादीतच नव्हता. पाहण्यासारखं सगळं शिल्लक राहूनही गाव नाहीसं होऊ शकतं.

पन्हाळ्याची आणि काशगरची बरोबरी मी करत नाही. आपल्याकडे निवडून दिलेली नगरपरिषद आहे, कोर्ट आहे, मोर्चा काढता येतो, पेपरात लिहिता येतं. फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण माणसाला देखाव्यातली अडचण समजायची सवय आपल्यालाही लागू शकते. ‘गडावर वस्ती कशाला हवी?’ हे वाक्य आपल्याकडे अगदी सज्जन माणसंही सहज बोलून जातात. त्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. वस्ती वजा केली तर पन्हाळा नेमका कुणाचा इतिहास सांगेल?

कारण हा किल्ला एका काळाचा नाहीच. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून यादव, बहमनी, आदिलशाही असा तो हातोहात गेला. नोव्हेंबर 1659 मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज जुलैच्या पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी त्या रात्रीची किंमत दिली. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदने मूठभर माणसांनिशी गड परत आणला. पुढे ताराराणींनी इथून राज्य चालवलं आणि 1782 पर्यंत करवीरची राजधानी इथेच होती. कवी मोरोपंत 1729 मध्ये इथे जन्मले. तीन दरवाज्यावर आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आहे. रोज शेकडो माणसं त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात. त्यावर काय लिहिलंय हे सांगणारा फलक मराठीत, ठळक अक्षरांत, सगळ्यांना वाचता येईल असा का नसावा? आणि या सगळ्या राजवटी बदलत असताना जे बदलले नाहीत ते इथं राहणारे. गवंडी, पखाली, पुजारी, मुजावर, दुकानदार. गडाचं सातत्य दगडात आहे तेवढंच त्यांच्यात आहे.

लोक राहत असलेली वारसास्थळं जगात कमी नाहीत. 2013 मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत जैसलमेर यादीत आलं, त्याच्या तटाच्या आत आजही माणसं राहतात. 2017 मध्ये अहमदाबादचं जुनं शहर आलं, 2019 मध्ये जयपूर. म्हणजे यादीत नाव गेलं की माणसं हलवावीच लागतात, ही भीती खरी नाही. पण जैसलमेरचा धडा वेगळा आहे. तिथं तटाच्या आत हॉटेलं वाढली, पाण्याचा वापर वाढला, सांडपाणी पायात मुरलं आणि तट-बुरूज खचू लागले. गडाला ओझं कुणाचं झालं? जुन्या घरांचं, की रोज अंघोळीला पाणी लागणाऱ्या पाहुण्यांचं? पन्हाळ्यावर नियम करताना या प्रश्नाचं उत्तर आधी शोधायला हवं. शनिवार-रविवारी गडावर चढणाऱ्या मोटारींची रांग पाहिलेल्या कुणालाही ते फार अवघड जाणार नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बंधन घालायचंच असेल तर आधी मुसाफिरावर घाला. बाहेरच्या गाड्या पायथ्याशी थांबवा आणि तिथून एसटीची किंवा नगरपरिषदेची बस वर सोडा. स्थानिक वडापवाल्यांना त्यात सामावून घ्या, त्यांचं पोट मारू नका. सज्जा कोठीसारख्या नाजूक वास्तूत एका वेळी किती माणसं हे ठरवा. मोगाओसारखं एक केंद्र पायथ्याला उभारा, जिथं अर्ध्या तासात गडाची पूर्ण गोष्ट कळेल, शिलाहारांपासून आजच्या नगरपरिषदेपर्यंत. मार्गदर्शक गडावरच्याच पोरा-पोरींना करा, त्यांना नीट शिकवा, दाखले द्या. घरदुरुस्तीचे नियम लोकांसोबत बसून, मराठीत, लेखी करा. उंची किती, दगड कोणता, परवानगी किती दिवसांत, सगळं स्पष्ट. नियम माहीत असला की धास्ती अर्धी कमी होते. ती अफवांवर पोसते.

‘गर्दी कमी केली तर धंदा बसेल’, असं यावर म्हटलं जाईल. ही शंका रास्त आहे, कारण गडावरच्या बऱ्याच चुली पर्यटनावरच पेटतात. पण दोन तासांत पाच पॉइंट करून खाली उतरणारा माणूस गडावर सोडतो काय? एक चहा, कणसाचा पैसा आणि प्लास्टिकची बाटली. एक रात्र राहणारा माणूस घरगुती जेवण जेवतो, स्थानिक माणसाला सोबत घेतो, सकाळी सात किलोमीटरचा तट चालून बघतो. थोडी माणसं जास्त वेळ थांबली तर धंदा बसत नाही, उलट तो जास्त घरांत वाटला जातो.

आपल्या मातीत मुसाफिराचा मुकीम झालेली माणसं होऊन गेली आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला निघाले आणि 1939 मध्ये वायव्य चीनमधल्या येनानला पोचले. त्या पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पिवळ्या मातीच्या टेकड्या, त्यात कोरलेली घरं. आजच्या भाषेत ‘पॉइंट’ भरपूर. कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, आघाडीवर जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यावर चित्रपट काढला. सोलापूर ते येनान अंतर किती, हे आज मोबाइलवर एका क्षणात कळतं. कोटणीसांचं नाव चीनमध्ये अजून घेतलं जातं त्याचं कारण त्या आकड्यात सापडणार नाही. ते तिथल्या माणसांत मिसळले, म्हणून घेतलं जातं.

प्रत्येकाने कोटणीस व्हावं असं कोण म्हणेल? दोन दिवसांची सुट्टी दोन दिवसांचीच असते. पण त्या दोन दिवसांतही एक प्रश्न जास्तीचा विचारता येतो. पन्हाळ्याला गेलात तर पाचपैकी एक पॉइंट वगळा आणि तो वेळ गडावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी बसून घालवा. त्याला विचारा, तुमच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? रस्ता खचला तेव्हा काय केलंत? युनेस्कोचं नाव आल्यापासून काय वाटतं? आणि जिल्हा प्रशासनाने, पुरातत्त्व खात्याने आराखड्याची पहिली बैठक गडावरच्या चौकात घ्यावी, रहिवाशांना समोर बसवून. आराखडा छापून झाल्यावर घेतलेल्या बैठकीला काही अर्थ नसतो.